काकांची बुलेट आणि रबरी पट्टा

कोजागरीच्या रात्री दूध आटेपर्यंत किमान दहा जणांनी आम्हाला गाठून विचारलं, "काय हो, त्या फटफटीचं पुढे काय झालं?" दहा जणांना दहा वेळा अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढा, असं संपादकांचं म्हणणं पडलं, म्हणून हा लेख. मोटारसायकलीतलं ज्यांना काही कळत नाही त्यांनीही पान उलटू नये. आम्हा चौघांपैकी दोघांना सुरुवातीला क्लच कुठे असतो हेही धड सांगता आलं नसतं.

आधी गाडीची ओळख करून देतो. ती आहे ३५० सीसीची एन्फील्ड बुलेट, १९८१ साली मद्रासला बनलेली आणि तिथून बोटीने इंग्लंडला आलेली. आता यातली गंमत पाहा. बुलेट मुळात इथलीच. आपल्यापैकी बरेच जण राहतात तिथून रेडिच फार लांब नाही. हे गाव एके काळी सुयांसाठी जगभर प्रसिद्ध होतं. आपल्या आज्या ज्या विलायती सुयांनी गोधड्या शिवत त्यातल्या काही इथल्याच असणार. त्याच रेडिचमध्ये रॉयल एन्फील्डचा कारखाना होता. १९०१ साली त्यांनी पहिली मोटारसायकल काढली. बुलेट हे नाव १९३०च्या दशकातलं, पण आपण ओळखतो ती बुलेट, म्हणजे मागच्या चाकाला झोके घेणारं सस्पेन्शन असलेली, १९४९च्या हंगामात आली. भारतीय सैन्याला ती पसंत पडली आणि १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली. आधी इथून सुटे भाग जायचे आणि तिथे जोडायचे, पुढे सगळंच तिथे होऊ लागलं. इकडे रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, तिकडे मद्रासचा चालूच राहिला. १९७७पासून मद्रासच्या बुलेटा इंग्लंडात विकायला येऊ लागल्या. माहेरच्या घराला कुलूप लागल्यावर लेकीने सासरहून पाहुणी म्हणून यावं, तसा हा प्रकार!

काकांनी ही गाडी २००३ साली एका शेतकऱ्याकडून घेतली. काका १९७६ साली या देशात आले. त्याआधी साताऱ्याला असताना मामांची बुलेट चालवायला मिळावी म्हणून ते दर रविवारी ती पुसून द्यायचे. इथे कर्जं फिटली, मुलं शिकून बाहेर पडली आणि मग कुठे हौसेची पाळी आली. वीस वर्षं उन्हाळ्यातला प्रत्येक कोरडा रविवार त्यांनी या गाडीवर काढला.

गेल्या वर्षी मात्र त्यांनी ती विकायला काढली. वय ७४. पाय ठीक होते, किक मारता येत होती, डोळेही शाबूत. घात केला तो डाव्या हाताच्या अंगठ्याने. अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला आहे. क्लचचा दांडा सिग्नलला चार-पाच वेळा दाबला की हात कापायला लागायचा. एक गृहस्थ गाडी पाहून गेले, पैशांचंही जमत आलं. आम्हाला कळलं तेव्हा आम्ही काकांकडे एका हिवाळ्याची मुदत मागितली. काका म्हणाले, "अरे, अंगठा ऐकत नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

आम्ही चौघे म्हणजे काका, आयुष्यभर लेथवर काम केलेले एक टर्नर, इथल्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये तीस वर्षं काढलेल्या वहिनी, आणि चहा करण्यापलीकडे कौशल्य नसलेला एक अकाउंटंट. (चहा चांगला असायचा.)

पहिल्याच शनिवारी वहिनींनी विचारलं, "दांडा जड म्हणजे किती जड?" कुणालाच सांगता येईना. शेवटी भारतात जाताना बॅगा तोलायचा आकडीचा काटा आणला आणि क्लचच्या दांड्याच्या टोकाला अडकवून ओढला. ११ किलो. म्हणजे प्रत्येक सिग्नलला काका चार बोटांनी अर्धी हातातली बॅग उचलत होते.

इथे एक सांगून ठेवतो. कुणाच्याही जुन्या गाडीचा क्लच जड वाटत असेल तर थेट मोठ्या खर्चात पडू नका. आम्ही आधी नवी क्लच केबल टाकली, ती कुठेही काटकोनात वळणार नाही अशी फिरवून घेतली, आत तेल सोडलं, दांड्याची खीळ साफ केली. काटा ९ किलोवर आला. एवढ्या सुधारणेला पंधरा पौंडही लागले नाहीत. पण काकांच्या अंगठ्याला ९ किलोही जास्तच होते. म्हणून पट्ट्याचा विचार.

आता क्लच आणि पट्टा यांचा संबंध काय, ते सांगायला हवं. मोटारसायकलीला साखळ्या दोन असतात. एक बाहेर दिसते ती, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत जाणारी. दुसरी दिसत नाही. ती इंजिनापासून क्लचपर्यंत जाते आणि डाव्या बाजूच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद असते. तिला प्रायमरी चेन म्हणतात. बुलेटमध्ये ती दुपदरी असते. साखळीला तेल लागतंच, म्हणून त्या डब्यात ऑईल भरलेलं असतं. आणि क्लचही त्याच डब्यात असल्याने तोही बिचारा तेलात बुडून काम करतो. क्लच म्हणजे एकाआड एक ठेवलेल्या चकत्या. स्प्रिंगांनी त्या एकमेकींवर दाबून धरल्या की जोर पुढे जातो, दांडा दाबून सोडवल्या की गाडी इंजिनापासून सुटते. तेलकट चकत्या घसरतात. त्या घसरू नयेत म्हणून स्प्रिंगा कडक घालाव्या लागतात. कडक स्प्रिंगा म्हणजे जड दांडा. चकत्या कोरड्या ठेवता आल्या तर तीच पकड नरम स्प्रिंगांनी मिळते. पण चकत्या कोरड्या ठेवायच्या तर डब्यातलं तेल काढायला हवं, आणि तेल काढलं तर साखळी चालणार नाही. इथे रबरी पट्टा उपयोगी पडतो, कारण त्याला तेल लागत नाही, उलट तेलाचं त्याला वावडं आहे.

"पट्टा" म्हटल्यावर आमच्या टर्नरसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर गावच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा आला. तो घसरायचा, त्याला राळ लावावी लागायची, आणि निसटला की सगळं गाव दळण घेऊन ताटकळत बसायचं. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पहिल्यावहिल्या मोटारसायकलींना चामड्याचे पट्टेच होते आणि पावसात ते असेच घसरत. १९११ साली आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीला पहिल्यांदा डोंगरावरचा मार्ग दिला, तेव्हा मोठ्या गाड्यांच्या गटात पहिले तिन्ही नंबर 'इंडियन' गाड्यांनी पटकावले. या गाड्यांना दोन गिअर होते आणि पट्ट्याऐवजी साखळी होती. (नाव ऐकून छाती फुगवू नका, 'इंडियन' अमेरिकेतली, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची.) त्यानंतर हळूहळू साखळीचं राज्य आलं.

पण आजचा पट्टा गिरणीचा नाही. त्याला आतून दाते असतात, ते पुलीच्या खाचांत बसतात आणि घसरायचा प्रश्न येत नाही. असा पट्टा १९४०च्या दशकात अमेरिकेत निघाला. १९६२ साली ग्लास नावाच्या जर्मन मोटारीत तो इंजिनाच्या आत गेला, आणि त्याचीच भावंडं आज आपल्यापैकी अनेकांच्या मोटारीत टायमिंग बेल्ट म्हणून बसलेली आहेत. १९८० साली हार्ले-डेव्हिडसनने 'स्टर्जिस' गाडीला पुढे आणि मागे, दोन्हीकडे पट्टेच लावले. रबराच्या पोटात काचेच्या तंतूंचे किंवा तसल्याच चिवट धाग्यांचे दोर असतात. जोर तेच पेलतात, रबर फक्त दाते सांभाळतं.

मग मागच्या चाकाची साखळीही का नाही बदलली, असं पुष्कळांनी विचारलं. त्याचं थोडक्यात उत्तर असं. मागचं चाक खड्ड्यात वरखाली होतं तेव्हा ते गिअरबॉक्सच्या दात्याभोवती फिरत नाही, त्याच्या जरा मागे असलेल्या खिळीभोवती फिरतं. त्यामुळे दोन टोकांमधलं अंतर सतत किंचित बदलतं. साखळी थोडी सैल ठेवून ते सांभाळता येतं, पण ज्याला ताण माहीत नाही अशा पट्ट्याला ते सोसवेल अशी योजना गाडी बनवतानाच करावी लागते. शिवाय रुंद पट्ट्याला जागा करायची तर फ्रेम कापावी लागेल. आणि काकांची अट पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती. "एकही गोष्ट अशी करायची नाही, की जी परत पहिल्यासारखी करता येणार नाही."

या अटीवरून आमच्यात दोन शनिवार वाद चालला. टर्नरसाहेबांचं मत असं की जुनी गाडी ठेवायची तर जुन्यासारखीच ठेवावी. पट्टा लावला की ती ना नवी ना जुनी. वहिनी म्हणाल्या, "काकांनी विकली तर तो माणूस ती काचेच्या खोलीत ठेवणार आहे. ती जुनी राहील, पण रस्त्यावर दिसणार नाही. तुम्हाला कुठली हवी?" टर्नरसाहेबांनी उत्तर दिलं नाही, पण पुढच्या शनिवारी स्वतःचं मायक्रोमीटर घेऊन आले.

पट्ट्याचा तयार संच मिळतो. दोन पुल्या, पट्टा, कोरड्या क्लचच्या चकत्या, नरम स्प्रिंगा आणि दोन-चार पातळ वॉशर. किंमत साधारण एका माणसाच्या मुंबईच्या तिकिटाएवढी पडली, चौघांनी वाटून घेतली. काका नको नको म्हणत होते, तेव्हा अकाउंटंटनी त्यांना सांगितलं की ही मदत नाही, गुंतवणूक आहे. परतावा म्हणून वर्षातून एकदा प्रत्येकाला मागे बसवून फिरवायचं.

उघडण्याचं काम सोपं निघालं. डावा फूटरेस्ट आणि ब्रेकचं पेडल काढलं की डब्याचं अख्खं झाकण मधल्या एकाच नटावर सुटतं. ही बुलेटची खासियत आम्हाला फार आवडली. कडेला एक रबरी कडं असतं, तेवढंच तेल अडवतं. चाळीस वर्षांत ते दगडासारखं झालं होतं, त्यामुळे गाडीखाली नेहमी एक ट्रे ठेवलेला असायचा. आतमध्ये पुढे इंजिनाच्या दांड्यावर वीज बनवणारा आल्टरनेटर, त्यामागे लहान स्प्रॉकेट, मागच्या बाजूला क्लच आणि त्याचं मोठं स्प्रॉकेट. साखळीला जोड नसतो, म्हणून दोन्ही स्प्रॉकेटं साखळीसकट एकदम बाहेर ओढावी लागतात. क्लचचा नट सुटताना टर्नरसाहेबांच्या तोंडून जे शब्द निघाले ते पत्रिकेत छापता येणार नाहीत.

काढलेला प्रत्येक भाग पुसून, पिशवीत घालून, त्यावर चिठ्ठी लावून ठेवला. चकत्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने दोऱ्यात ओवल्या. मग खरं काम सुरू झालं. पट्टा लावणं अर्ध्या तासाचं आहे. त्याला कोरडा, सरळ आणि योग्य तेवढा सैल ठेवणं, यात आमचे पाच शनिवार गेले.

कोरडेपणा आधी. डब्यात आपण ओतलेलं तेल काढून टाकलं म्हणून डबा कोरडा होत नाही. इंजिनाचं तेल दांड्याच्या कडेने डोकावतं, गिअरबॉक्सचं तेल क्लचच्या बाजूने, आणि क्लच ढकलणारी सळई गिअरबॉक्सच्या पोकळ दांड्यातून येते, तिच्या अंगानेही तेल चोरपावलांनी येऊ शकतं. इतके दिवस या गळतीला विचारणारं कुणी नव्हतं, कारण डब्यात तेल होतंच. दोन्हीकडची सीलं नवी टाकली. मग डबा पेट्रोलने धुऊन, पूर्ण वाळवून, आत सगळीकडे टाल्कम पावडर शिंपडली आणि झाकण न लावता इंजिन दहा मिनिटं चालवलं. पांढऱ्या पावडरीवर तेलाचा ओघळ लगेच दिसतो. पहिल्यांदा क्लचच्या मागे एक बारीक रेघ उमटली. ते सील पुन्हा काढून बसवलं, मग पावडर पांढरीच राहिली. ही युक्ती टर्नरसाहेबांची. वहिनींनी एवढंच विचारलं, की पावडरीचा नवा डबा कोण आणून देणार.

सरळपणा म्हणजे दोन्ही पुल्या एकाच रेषेत असणं. साखळी थोडी तिरकी चालली तर झिजते आणि आवाज करते, पण निभावून नेते. पट्टा मात्र तिरक्या पुलीवर एका कडेला सरकत जातो आणि कडेच्या भिंतीला घासून स्वतःची किनार उसवून घेतो. दोन्ही पुल्यांवर पोलादी पट्टी आडवी धरली तर पुढची पुली अर्ध्या मिलीमीटरने आत होती. संचातल्या वॉशरने तो फरक गेला नाही. टर्नरसाहेबांनी आपल्या गराजमधल्या लेथवर एक चकती बनवून आणली. ती बसवल्यावर पट्टी दोन्हीकडे अशी टेकली की खालून उजेडही दिसेना. तेव्हा ते जे हसले, ते आम्ही त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

आता सैलपणा. या भागात वहिनींनी आम्हाला शाळेत परत नेलं. बऱ्याच जुन्या इंग्लिश गाड्यांत गिअरबॉक्स मागेपुढे सरकवून प्रायमरी साखळी ताणता येते. बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनाला थेट बोल्टांनी जखडलेला असतो, तो हलत नाही. साखळीसाठी आत एक दाबपट्टी असते, ती वर उचलून साखळी ताणतात. दात्यांच्या पट्ट्याला तशी पट्टी घासून चालत नाही. म्हणजे अंतर ठरलेलं. आणि पट्टाही हव्या त्या लांबीचा मिळत नाही. आमचा दाता ८ मि.मी.चा, म्हणून लांबी ८च्या पाढ्यातच येणार. हाताशी उरतं ते पुलीच्या दात्यांची संख्या बदलणं. कुठल्याही एका पुलीला एक दाता वाढवला की पट्ट्याची गरज साधारण ४ मि.मी.ने वाढते, कारण पट्टा पुलीच्या जवळपास अर्ध्या घेराला मिठी मारतो. संच बनवणाऱ्याने हे गणित करून ठेवलेलं असतं, पण वहिनींचा कुणाच्याही गणितावर विश्वास नाही. त्यांनी अंतर मोजून वहीत सगळं पुन्हा मांडलं. साखळीच्या स्प्रॉकेटचे दाते आणि पुलीचे दाते यांची थेट तुलना करू नका, हेही त्यांनी बजावलं. ३/८ इंच पिचच्या साखळीचं २५ दात्यांचं स्प्रॉकेट आणि ८ मि.मी. पिचची ३० दात्यांची पुली, दोन्हींचा व्यास ७६ मि.मी.च्या आसपासच येतो. गाडीचा वेग बदलू नये म्हणून पाहायचं ते लहान आणि मोठ्या पुलीच्या दात्यांचं प्रमाण.

पट्टा बसवल्यावर काका म्हणाले, "हा तर लोंबतोय!" बोटाने मध्यावर दाबला की चांगला १० मि.मी. आत जात होता. आम्हालाही वाटलं की पट्टा चुकीचा आला. वहिनी हसल्या आणि वही पुढे केली. ॲल्युमिनियम तापलं की फुगतं, दर अंशाला दशलक्षात २३ भाग. दोन दांड्यांमधलं अंतर वीतभर, म्हणजे हिशेबाला २०० मि.मी. धरलं आणि गाडी ६० अंशांनी तापली, तर ते अंतर पाव मिलीमीटरहून थोडं जास्त वाढतं. पट्टा जातो-येतो, म्हणून त्याचे दोन पदर धरायचे. त्यात मोठी पुलीही फुगते. सगळं मिळून पट्ट्याला एक मिलीमीटरच्या आसपास जास्त लांबी लागते. आणि काचेचे दोर तर ताणत नाहीत. मग ती लांबी आणायची कुठून? थंड असताना ठेवलेल्या सैलपणातून.

"पण एक मिलीमीटर कुठे आणि बोटाने दहा मिलीमीटर कुठे?" हा प्रश्न अकाउंटंटचा. वहिनींनी पायथागोरसला बोलावलं. २०० मि.मी.चा सरळ पट्टा मध्यावर १० मि.मी. दाबला की दोन काटकोन त्रिकोण होतात, पाया १००, उंची १०. कर्ण १००.५. दोन कर्णांची बेरीज २०१. म्हणजे दहा मिलीमीटर दबणारा पट्टा जेमतेम एकच मिलीमीटर लांब असतो. नववीत हे प्रमेय पाठ केलं तेव्हा ते एक दिवस इंग्लंडातल्या गराजमध्ये काकांच्या बुलेटसाठी कामाला येईल, असं कुणाला वाटलं होतं? हा सैलपणा न ठेवता पट्टा वीणेच्या तारेसारखा ताणला, तर गाडी तापल्यावर तो इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगांना एकमेकांकडे ओढत राहतो, आणि आधी त्यांचा जीव जातो.

बसवतानाही पट्ट्याचा मान राखावा लागतो. तो पाठीकडे दुमडायचा नाही, पिळायचा नाही, स्क्रू ड्रायव्हरने उचकटून पुलीवर चढवायचा नाही. आतला एखादा दोर मोडला तर बाहेरून दिसत नाही आणि पट्टा पुढे कधीतरी अचानक तुटतो. दोन्ही पुल्यांवर पट्टा चढवून तिन्ही गोष्टी एकत्र आत सरकवायच्या. आणि इंजिन हाताने फिरवून पाहताना आधी स्पार्क प्लग काढायचा, बोटं पट्ट्यापासून लांब ठेवायची.

राहिलं झाकण. साखळीची ऊब तेल वाटून घेत होतं, पट्ट्याला ती सोय नाही. साध्या रबरी पट्ट्याला ८५ अंशांपर्यंतच बरं वाटतं, म्हणून हवा खेळायला झाकणाला भोकं हवीत. काकांचं चकचकीत मूळ झाकण कुणाच्यानेही भोसकवेना. ऑटोजंबल म्हणून इथे जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो, पुण्याच्या जुन्या बाजाराचा विलायती भाऊ. (घासाघीसही तशीच करावी लागते, फक्त इथे मध्येमध्ये 'सॉरी' म्हणतात.) तिथून एक ओरखडलेलं झाकण आणलं, मागच्या बाजूला खाली भोकं पाडली, आतून बारीक जाळी लावली आणि डब्याचा खालचा बूच काढून ठेवला, म्हणजे चुकून पाणी शिरलं तर निघून जाईल. मूळ झाकण इतर भागांबरोबर खोक्यात गेलं.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी पुन्हा तो बॅगांचा काटा लावला. ६ किलोच्या किंचित खाली. काकांनी काट्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी दांडा दोन बोटांनी दाबला, सोडला, पुन्हा दाबला. असं बराच वेळ केलं. मग म्हणाले, "हेल्मेट कुठंय माझं?"

कागदपत्रांचं दोन ओळींत सांगतो. चाळीस वर्षांवरची गाडी म्हणून या बुलेटला रोड टॅक्स भरावा लागत नाही आणि २०१८पासून अशा गाड्यांना एमओटीचीही सक्ती नाही, मात्र गाडीत मूलभूत बदल केलेले नसावेत. इंजिन, फ्रेम, सस्पेन्शन आम्ही हलवलेलं नाही. तरी काका दर वर्षी एमओटी करून घेतात आणि आमच्या मते तेच शहाणपणाचं. विमा कंपनीला पट्ट्याबद्दल लेखी कळवलं. न कळवता केलेला बदल नेमका अपघाताच्या दिवशी महाग पडतो.

गुण-दोष दोन्ही लिहायला हवेत. गाडीचा डाव्या बाजूचा खळखळाट गेला, फक्त इंजिनाची धडधड उरली. काकूंना पूर्वी ती कोपऱ्यावरूनच ऐकू यायची आणि त्या चहा टाकायच्या, आता दाराशी येईपर्यंत कळत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. क्लच कोरडा झाल्यामुळे थोडा हट्टी झाला आहे. तेलातला क्लच हळूच पकडायचा, हा जरा चटकन पकडतो. चढावर अर्धा क्लच दाबून उभं राहायची सवय सोडावी लागली, नाहीतर चकत्या तापतात. मुख्य दोष असा की म्हातारी साखळी आधी कुरकुर करते, सूचना देते. पट्टा काही न बोलता तुटतो आणि रस्त्याच्या कडेला तो बदलता येत नाही. म्हणून दर ५०० मैलांनी झाकण उघडून किनार आणि दाते पाहायचे, सैलपणा मोजायचा आणि तारखेसह वहीत लिहायचा, असं ठरलं आहे. वही वहिनींकडे असते.

ज्याच्या गाडीचा क्लच हलका आहे आणि तेल गळत नाही, त्याने आमचं पाहून हा खर्च करू नये, असंच आम्ही सांगू. ज्यांच्या जुन्या गाडीत धक्के शोषणारी स्प्रिंग इंजिनाच्या दांड्यावर असते, त्यांनी तर दोनदा विचार करावा, कारण पुली बसवताना ती स्प्रिंग निघून जाऊ शकते. बुलेटमध्ये धक्के शोषणारी रबरं मागच्या चाकाच्या हबमध्ये असतात, म्हणून आमचं निभावलं.

पहिल्या ५०० मैलांनंतर झाकण उघडलं. पट्टा कोरडा, किनार शाबूत, थंड असताना बोटाने ९ मि.मी. गाडीखालचा तेलाचा ट्रे काकूंनी धुऊन नेला, त्यात आता कोथिंबीर लावली आहे. मूळ साखळी, दोन्ही स्प्रॉकेटं, दोऱ्यात ओवलेल्या चकत्या आणि ते झाकण, सगळं तेलाचं बोट फिरवून एका खोक्यात काकांच्या माळ्यावर आहे. खोक्यावर वहिनींच्या सुवाच्य अक्षरात यादी चिकटवली आहे. परताव्याच्या फेऱ्यांपैकी दोन झाल्या. टर्नरसाहेब मागे बसायला अजून तयार नाहीत, ते म्हणतात, "मला चालवायलाच द्या." काका विचार करतायत.